शाळेच्या बैठकीत दिव्यांग मुलाच्या पालकांचे हक्क
बेंबळीसारख्या गावी शाळेच्या बैठकीत दिव्यांग मुलाचे पालक हात जोडून बसलेले आम्ही पाहतो. त्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 अन्वये जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 या वयात जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

तीव्र दिव्यांगत्व असल्यास घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने मिळाला. मात्र तो पालकांनी निवडावयाचा आहे, शाळेने लादावयाचा नव्हे. नेमके येथेच पालक गप्प राहतात. नकाराचे कारण निदान लेखी मागावे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.