चांद्याच्या गोंड राजवंशाचा कालक्रम : एक साधनचिकित्सा

मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासात लॅटिन दस्तऐवजांच्या चिकित्सेला मोठे स्थान आहे. पश्चिम युरोपचे राज्य पोपला बहाल करणारे, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या नावे चालत आलेले दानपत्र बनावट असल्याचे लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने 1440 मध्ये दाखवून दिले. चौथ्या शतकातील म्हणविल्या जाणाऱ्या लेखात ‘सत्रप’ या पदवीचे अधिकारी कसे येतात, हा त्याच्या आक्षेपांपैकी एक. वाल्लाचा आश्रयदाता, अरागॉनचा राजा आल्फोन्सो, त्या वेळी पोपशी झगडत होता. म्हणजे चिकित्सेमागे राजकारण होतेच. परंतु तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरला नाही. चांद्याच्या गोंड राजांच्या वंशावळीलाही हीच कसोटी लावणे आवश्यक आहे.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे 1982 पर्यंत एकच होते. या प्रदेशातील गोंड राजांची सनावळीसह यादी मेजर ल्युसी स्मिथ यांच्या 1869 च्या जमाबंदी अहवालात आढळते. भीम बल्लाळसिंह (इ.स. 870) हा तिच्यातील पहिला राजा आणि नीळकंठशाह (1751 पर्यंत) हा शेवटचा. एकोणीस कारकिर्दी व 881 वर्षे असा हा हिशेब असून प्रत्येकीची सरासरी सुमारे 46 वर्षे पडते. बाबाजी बल्लाळशाहास 80 वर्षे (1442 ते 1522) आणि त्याच्यानंतरच्या धुंड्या रामशाहास 75 वर्षे (1522 ते 1597) दिलेली आहेत. लागोपाठच्या दोन राजांनी मिळून 155 वर्षे राज्य करावे, हे मानवी आयुर्मर्यादेत बसविणे कठीण आहे.

केवळ सरासरीवर विसंबण्याचे मात्र कारण नाही. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या ‘बाबजी’ नामक गोंड जमीनदाराचा उल्लेख असून त्याच्याजवळ 1,000 घोडदळ व 40,000 पायदळ असल्याचे नमूद आहे. वऱ्हाड मोगलांकडे आले 1596 मध्ये. अकबराचा जन्मच 1542 चा. यादीप्रमाणे बाबाजी त्यापूर्वी वीस वर्षे निवर्तलेला होता! फार्सी ग्रंथकाराने आपल्या काळातील जमीनदार म्हणून नोंदविलेला राजा दोन पिढ्या मागे ढकलता येत नाही. सबब यादीतील सन मागेपुढे करणे भाग आहे.

बाबाजीला सोळाव्या शतकाच्या अखेरीस ठेवले, तर 1751 पर्यंत पाच राजे उरतात व प्रत्येकास सुमारे तीस वर्षे मिळतात. हे स्वाभाविक वाटते. त्याच्या आधीच्या तेरा कारकिर्दींना वीस ते पंचवीस वर्षांचे माप लावल्यास वंशाचा आरंभ तेराव्या शतकाच्या मध्यापासून चौदाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत कोठेतरी येतो. अर्थात हा अंदाज आहे. सुरुवातीची नावे खरी मानली तरच तो टिकतो. या प्रदेशात इ.स. 870 च्या आधीचा लेखी पुरावा नाही असेही नव्हे. भांदक येथील राष्ट्रकूट कृष्ण पहिला याचा ताम्रपट शके 694, म्हणजे इ.स. 772 चा आहे. तो संस्कृतात असून त्यावर काळ कोरलेला आहे. यादीतील सनांना असा आधार नाही.

याचा अर्थ गोंड परंपरा खोटी, असा काढणे अन्यायाचे होईल. किंगरीवर राजांच्या कथा गाणाऱ्या परधानांनी नावे व पराक्रम जपले. कालगणना हे त्यांच्या गायनाचे प्रयोजनच नव्हते. मौखिक स्मृतीला सनांच्या चौकटीत बसविण्याची घाई अहवाललेखनाने केली, आणि छापील आकड्यांना पुढे नको तितकी प्रतिष्ठा लाभली. बल्लारपूरचा किल्ला व चंद्रपूरचा परकोट यांचा आरंभ खांडक्या बल्लाळशाहाशी जोडला जातो. यादीत त्याचा काळ 1242 ते 1282 आहे. बाबाजी पुढे सरकल्यास खांडक्याही सरकतो, आणि या वास्तूंचे वय त्याप्रमाणे कमी होते.

वैरागडच्या बाबतीत फरक अधिक मूलगामी आहे. हिऱ्याची खाण असलेले हे ठिकाण आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. बाबाजीने ते थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका प्रमुखाकडून हिसकावून घेतले, असे आईन-इ-अकबरी सांगते. तेव्हा वैरागड अगदी आरंभापासून चांद्याच्या सत्तेखाली होते असे धरता येत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या वैरागडचा इतिहास चांद्याच्या वंशावळीबाहेर, स्वतंत्रपणे शोधावा लागतो.