मुठीचें बळ आणि दंडावरील पट्टा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगतचें बजाजनगर हें मुख्यतः कामगारांचें नगर होय. १९८५ सालीं वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि हा परिसर वाढीस लागला. पान्यानें नट आवळणारा हात हेंच येथील अनेक कुटुंबांचें भांडवल. असें मनगट दुखावलें आणि जड वजन उचलण्यास मनाई झाली, तर मुठीचें गेलेलें बळ परत यावें कसें ?

ओझें उचलल्यावांचून बळ येत नाहीं, असें महाराष्ट्रानें कधींच मानलें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें. निजामाच्या राज्यांतून आलेल्या दोघां मल्लांच्या आव्हानामुळें ते या साधनेकडे वळले, अशी आख्यायिका आहे. औरंगाबादही त्या काळीं निजामाच्याच अंमलाखालीं होतें. मल्लखांबांत स्वतःचा देह हेंच वजन. पण दुखऱ्या मनगटाला तेंही पेलवत नाहीं.

या अडचणींतून वाट निघाली ती जपानांत. १९६६ सालीं योशिआकी सातो हा तरुण एका बौद्ध विधीच्या वेळीं बराच वेळ पाय दुमडून बसला. पोटरी बधिर झाली. तिच्यांतील ठसठस त्यास व्यायामानंतरच्या ठसठशीसारखी भासली. रक्ताचा प्रवाह अडल्यानें असें होत असावें, या तर्कानें त्यानें स्वतःवर प्रयोग आरंभिले. १९७३ सालीं बर्फावर घसरण्याच्या खेळांत त्याचा घोटा मोडला. तेव्हां मांडीवर पट्टा आवळून त्यानें हलका व्यायाम चालू ठेविला. ‘काआत्सु’ पद्धति ती हीच.

पट्टा मात्र जुनाच. १७१८ सालीं पॅरिसच्या पेती या शस्त्रवैद्यानें रक्तस्राव रोखण्यासाठीं मळसूत्री पट्टा योजिला. १८९६ सालीं इटलीच्या रिव्हा-रोची यानें हवेच्या पट्ट्यानें रक्तदाब मोजला. बळ वाढविणें हें त्याचें तिसरें कार्य.

मुठीचे प्रमुख स्नायू कोपराखालीं असतात. म्हणून पट्टा दंडावर बांधतात. रक्त आंत येतें, पण परतीची वाट अडते. प्राणवायु अपुरा पडतो, स्नायू लवकर थकतात, आणि एरवीं जड ओझ्यासाठींच जागे होणारे तंतूही कामास लागतात. वजन कमाल शक्तीच्या वीस ते तीस टक्केच पुरतें. सामान्यतः प्रथम तीस व मग तीनदां पंधरा आवर्तनें करतात. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जपानी संशोधनांत उतारवयांतील स्त्रियांच्या दंडांना सोळा आठवड्यांत या रीतीनें जड व्यायामाइतकाच लाभ झाला.

तथापि घरची दोरी किंवा सुतळी आवळणें हा व्यायाम नव्हे, तो अपघात होय. दाब मोजूनच द्यावा लागतो. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ति अथवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनीं वैद्याच्या अनुज्ञेवांचून या वाटेस जाऊं नये. मुठीचें कौशल्य तर पट्टा देत नाहींच. तें पुन्हां कामांतूनच मिळवावें लागतें. कामावर परतण्यापुरतें बळ हातीं येणें, हाच या पद्धतीचा खरा लाभ.