मिठीच्या पात्रातले शहापूरचे पाणी

मुंबईच्या मिठी नदीवर 2009 साली एक प्रदर्शन भरले. त्यामागची कागदपत्रे क्रमाने लावली, तर धागा शहापूर तालुक्यापर्यंत येतो.

पहिली नोंद 1845 ची. त्या वर्षी माहीम-वांद्रे कॉजवे खुला झाला आणि मिठीच्या मुखावर भराव पडला. 1854 च्या टंचाईनंतर अभियंता हेन्री कोनीबेअरच्या योजनेनुसार विहार तलावाचे काम सुरू झाले. 1860 मध्ये तलावाचे पाणी मुंबईला मिळाले, नदीचा उगमही अडला. ठाणे गॅझेटियर या प्रवाहाला गोपर म्हणते. पुढे तुळशी (1879) आणि पवई (1890) हे तलाव झाले, तरी शहराची तहान भागेना. 31 मार्च 1892 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे उद्घाटन झाले.

मुंबईला बाहेरचे पाणी मिळाले आणि मिठीची गरज कमी झाली. तिच्या काठची खाजणे बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळाजवळ तिला काटकोनात वळवले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि सरकारी कागदांत मिठी पुन्हा ‘नदी’ झाली. ऑगस्टमध्ये तिच्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने पुराची कारणे तपासली.

अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांचे ‘सोक’ हे 2009 चे प्रदर्शन याच पुरातून निघाले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी नकाशे, छायाचित्रे आणि जमिनीचे उभे छेद मांडले. त्यांचे म्हणणे असे, की सर्वेक्षकांनी उघडिपीच्या हंगामात जमीन आणि पाणी यांच्यात रेघ ओढली. पावसाळा ती रेघ मानत नाही. मुंबई ही खाडीमुखातली ओली भूमी आहे, पूर तिथे परका नाही.

हाच विचार उन्हाळ्याला लावून पाहावा. तेव्हा मिठीत वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. मुंबईच्या रोजच्या पुरवठ्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी शहापूर तालुक्यातल्या एकट्या भातसा धरणाचे, त्यात तानसाची भर. म्हणजे एप्रिलात कुर्ल्याच्या पुलाखालून जाते त्यातला मोठा वाटा शहापूरच्या डोंगरांतला पाऊस असतो. त्याच महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मिठीचा खरा छेद काढायचा, तर कागद शहापूरपर्यंत लांबवावा लागेल.