प्रोग्रॅम राहतो कुठे?

साकोलीजवळच्या एका गावातील शाळेत २००३ साली घडलेला हा प्रसंग आहे. शाळेतील एकुलत्या एका संगणकात व्हायरस शिरला होता. हार्ड डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवायचे ठरले. आमचे गणिताचे सर मोठे सावध. चार वर्षे खपून टाइप केलेल्या सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांनी आधीच फ्लॉपींवर उतरवून घेतल्या. ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये त्या टाइप केल्या होत्या, त्याचे पडद्यावरचे चित्रही त्यांनी आणखी एका फ्लॉपीवर घेतले. संगणक दुरुस्त होऊन आला. सरांनी चित्रावर दोनदा टिचकी मारली. विंडोज बराच वेळ काहीतरी शोधत राहिली आणि शेवटी तिने हात टेकले. प्रश्नपत्रिका उघडल्या तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा नुसता काला!

मी तेव्हा एम.एस्सी. करत होतो आणि सुटीत गावी आलो होतो. सरांनी विचारले, "अरे, प्रोग्रॅम तर मी फ्लॉपीवर ठेवला होता, मग गेला कुठे?" मी त्या फाइलचा आकार पाहिला. ती जेमतेम एक किलोबाइटची होती. सरांनी पाटी आणली होती, गाव मागेच राहिले होते.

सरांच्या प्रश्नाला बराच इतिहास आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. प्रोग्रॅम फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी आपल्या हातात. सुरुवातीच्या एका फ्लॉपीवर १६० किलोबाइट मजकूर मावे. आपल्या देशात १९८४-८५ साली शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला. त्यातील बीबीसी मायक्रो संगणकात बेसिक भाषा रॉम चिपमध्येच कोरलेली होती. बटण दाबले की ती हजर. प्रोग्रॅम कुठे आहे, असे त्या काळी कुणी विचारले असते तर बोट दाखवून उत्तर देता आले असते.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि चित्र बदलले. शेकडो फाइली एकाच ढिगात ठेवल्या तर सापडणार कशा? म्हणून त्याच वेळी आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्स या प्रणालीकडून एक कल्पना उचलली. डिस्कवर कप्पे करायचे, कप्प्यात आणखी कप्पे करायचे. यांनाच तेव्हा डिरेक्टरी म्हणत, आज आपण फोल्डर म्हणतो. प्रोग्रॅमचे नाव टाइप केले की डॉस आधी चालू कप्प्यात पाही. तिथे नसेल तर 'पाथ' नावाच्या यादीत लिहिलेले कप्पे क्रमाने धुंडाळी. तिथेही नसेल तर आज्ञा चुकली असा शेरा मारी. ही यादी वापरणाऱ्यानेच लिहायची असल्यामुळे कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, हे त्याला ठाऊक असे.

मराठीचा पत्ता मात्र याच काळात वेगळ्या ठिकाणी होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसवरील इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटे. म्हणजे मराठी अक्षरे चक्क एका कार्डात राहत होती. फाइल फ्लॉपीवर घालून कार्ड नसलेल्या संगणकावर नेली तर ती वाचता येत नसे.

विंडोज ३.१ (१९९२) आणि त्यानंतर विंडोज ९५ यांनी प्रोग्रॅमसमोर चित्रे मांडली. काम सोपे झाले, पण पत्ता पडद्याआड गेला. चित्र म्हणजे रस्त्यावरची 'साकोली ५ कि.मी.' ही पाटी. ती उपटून घरी आणली तर साकोली घरी येत नाही, आणि मोडून टाकली तरी साकोली जागची हलत नाही. पडद्यावरचे चित्र पुसले म्हणजे प्रोग्रॅम काढला, असे आजही अनेकांना वाटते, ते याचमुळे.

विंडोज ९५ मध्ये प्रोग्रॅमसाठी 'प्रोग्रॅम फाइल्स' हा ठरावीक फोल्डर आला. त्याशिवाय प्रत्येक प्रोग्रॅमच्या नोंदी 'रजिस्ट्री'त होऊ लागल्या. रजिस्ट्री म्हणजे संगणकाचा सातबारा. जमीन शिवारात असते आणि नोंद तलाठ्याच्या दप्तरात. आपण फोल्डर हाताने पुसला तरी नोंद तशीच राहते. उलट फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला, तर तिथल्या दप्तरात नोंद नसल्याने प्रोग्रॅम बहुधा चालत नाही. म्हणून प्रोग्रॅम बसवायचा तो रीतसर आणि काढायचा तो विंडोजने दिलेल्या सोयीतूनच.

सरांच्या सॉफ्टवेअरचा आणखी एक भाग तिसऱ्याच ठिकाणी होता. त्याचा मराठी फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये राहत होता. डिस्क पुसली तेव्हा तोही गेला. प्रश्नपत्रिकांतील मजकूर शाबूत होता, त्याला चेहरा देणारा फॉन्ट तेवढा नव्हता. पुढे भंडाऱ्याच्या विक्रेत्याकडून मूळ सीडी पुन्हा मिळाली, सॉफ्टवेअर बसले आणि चार वर्षांची मेहनत वाचली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती आणि विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड फॉन्टही आला होता. पण आपल्या शाळा आणि कार्यालये त्यानंतरही अनेक वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालली. त्या काळातील फाइली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी फाइलीसोबत तिचा फॉन्टही जपावा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

वर्गात हा पाठ सहज घेता येईल. विंडोजमधील एखाद्या चित्रावर उजवी टिचकी मारून फाइलचे ठिकाण उघडण्याचा पर्याय निवडा. पाटीकडून पाटीकडे जात शेवटी खरी फाइल सापडते. ती बहुधा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असते. ६४-बिट विंडोजवर जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमसाठी त्याच नावापुढे एक्स८६ लिहिलेला दुसरा फोल्डर असतो. काही प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या खासगी 'ॲपडेटा' फोल्डरमध्येही राहतात. मग विद्यार्थ्यांना चित्राच्या फाइलचा आणि खऱ्या फाइलचा आकार वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा. दोन आकड्यांतील फरक पाहिला की पाटी कोणती आणि गाव कोणते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.