उसन्या कोडची सनद

मराठीत ‘सनद’ म्हटले की हक्काचा सरकारी कागद आठवतो. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे रावींची साखळी: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आपल्या उस्तादाकडून. साखळी तुटली की रिवायत दुबळी ठरते. पण साखळी शाबूत असूनही एक दोष शिरू शकतो. रावी सांगता सांगता स्वतःचे स्पष्टीकरण जोडतो आणि पुढचा ऐकणारा तेही पैगंबरांचे (स.) वचन समजतो. अशा हदीसला ‘मुदरज’ म्हणतात. अकराव्या शतकात खतीब बगदादी यांनी असे मिसळलेले शब्द वेगळे काढण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हदीस आणि कोड यांची बरोबरी मला करायची नाही. पण शिस्त तीच लागते. प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पात इतरांचा कोड असतो. तो आपल्या फोल्डरात ओतून चार दुरुस्त्या केल्या, की काही दिवसांनी मूळ कोणते आणि आपले कोणते हे सांगता येत नाही. सीव्हीएस या जुन्या प्रणालीने त्यासाठी ‘व्हेंडर ब्रँच’ दिली. मूळ कोड जसाच्या तसा एका शाखेत, आपले बदल दुसरीत. नवी आवृत्ती आली की ती आधी पहिल्या शाखेत भरायची, मग दोन्हींचा मेळ घालायचा.

२००५ मध्ये गिट आले, २००७ मध्ये त्यात सबमॉड्यूलची सोय झाली. तिथे उसन्या कोडचा पत्ता आणि नेमका कमिट एवढेच नोंदले जाते. सनद आपल्याकडे, मजकूर दुसऱ्याच्या घरी. दुसऱ्याच्या घरावर विसंबण्याची किंमत मार्च २०१६ मध्ये कळली. एका लेखकाने एनपीएमवरून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यातले ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या ११ ओळींचे, पण त्यावाचून असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली.

मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ प्रकरण याहून गंभीर. वर्षानुवर्षे विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्याने त्यात चोरवाट पेरली होती. ती उघडणारी स्क्रिप्ट वितरणाच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली.

म्हणून उसन्या कोडची प्रत आपल्याकडे ठेवावी, कुठून आणि कोणती आवृत्ती घेतली ते कमिटच्या संदेशात लिहावे, आपले बदल वेगळे ठेवावेत. आणि तेवढ्यावर थांबू नये. मुहद्दिसांनी सनद तपासली, तसा मतन म्हणजे मजकूरही तपासला. रावी भरवशाचा आहे म्हणून त्यांनी वाचणे सोडले नाही.