सिग्नलला गाडी थरथरते? इंजिन माउंट बदलण्याआधी हे वाचा

लालबागला भारतमाताच्या सिग्नलवर गाडी उभी आहे. एसी सुरू आहे आणि स्टिअरिंग हाताला मुंग्या याव्यात तसं थरथरतंय. सिग्नल सुटतो, क्लच सोडताना पुढून 'धप्प' असा आवाज येतो आणि गाडी हिसका देऊन निघते. संध्याकाळी गॅरेजवाला बॉनेट उघडतो, इंजिन हलवून बघतो आणि सांगतो, "फाउंडेशन गेलंय. तिन्ही बदलावे लागतील."

हे निदान कधी अगदी बरोबर असतं, तर कधी दोष भलतीकडेच असतो आणि हजारो रुपये खर्च करूनही थरथर तशीच राहते. त्यामुळे फाउंडेशन म्हणजे काय, ते खरंच गेलंय का हे कसं ओळखायचं आणि बिल किती यायला हवं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

इंजिन माउंट म्हणजे काय?

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट घट्ट आवळलेलं नसतं. मध्ये धातू आणि रबर एकत्र जोडून बनवलेले आधार असतात. त्यांनाच इंजिन माउंट किंवा माउंटिंग म्हणतात; गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. त्यांची कामं तीन: इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन पेलायचं, इंजिनाची थरथर आत येऊ द्यायची नाही आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन जागच्या जागी उसळू द्यायचं नाही.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि असे तीन किंवा चार आधार असतात. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक खाली किंवा मागे, इंजिनाचं डोलणं रोखणारा. या शेवटच्याला अनेक गाड्यांत टॉर्क रॉड म्हणतात. साध्या माउंटमध्ये नुसतं रबर असतं. हायड्रॉलिक माउंटमध्ये रबराच्या आत द्रव भरलेला असतो. तो थरथर जास्त चांगली शोषतो, पण महागही असतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने १९३१मध्ये प्लिमथ गाडीत रबरी आधारांवर तोललेलं इंजिन आणलं आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव दिलं. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने याच क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी सुरू केली. मुंबईची ओळख बनलेली पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. फक्त ती फियाटच्या रचनेवर बेतलेली होती.

मुंबईत माउंट लवकर का जातात?

माउंट अमुक किलोमीटरला बदलायचा, असा सरसकट नियम नाही. मुंबईत तर किलोमीटरचा आकडा फसवाही ठरतो. गिरगावहून दादरला जायचं अंतर आठेक किलोमीटर, पण गर्दीच्या वेळी त्यात पाऊण तासही जातो. काटा आठ किलोमीटर पुढे सरकतो, इंजिन मात्र पाऊण तास चालू असतं. त्यातला बराच वेळ उभ्या गाडीत, एसीच्या भाराखाली आणि बॉनेटमधल्या उष्णतेत जातो. उष्णतेने रबर कडक होतं, मग त्याला भेगा पडतात.

दुसरं कारण म्हणजे हाफ क्लचवर पुढे-मागे सरकणारी गाडी. प्रत्येक वेळी क्लच सोडला की इंजिन थोडं फिरू पाहतं आणि माउंट ते थोपवतो. तिसरं कारण खड्डे, स्पीडब्रेकर आणि उचकटलेले पेव्हर ब्लॉक. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की त्याखालचा खड्डा दिसतच नाही.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र गळणारं ऑइल. ऑइल लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून वरून गळती चालू असताना खाली नवा माउंट बसवला, तर तोही लवकर जातो. आधी गळती थांबवायची, मग माउंट बदलायचा.

दोष माउंटचाच आहे का?

थरथर कधी होते, याकडे लक्ष दिलं तर अर्धं निदान घरीच होतं.

• गाडी उभी असताना थरथर आणि रेस थोडी वाढवली की कमी: माउंटचा संशय घ्यायला जागा आहे.
• ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ब्रेकवर थरथरते, 'एन'मध्ये शांत होते: माउंटचा संशय आणखी पक्का.
• इंजिन चालू-बंद करताना किंवा पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना 'धप्प' आवाज: माउंट किंवा टॉर्क रॉड.
• इंजिन अडखळत चालतं, पिकअप कमी, चेक इंजिनचा दिवा लागलेला: आधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि थ्रॉटल बॉडी बघा. सीएनजी गाड्यांत तर प्लग आधीच बघावेत.
• थरथर फक्त ७०-८०च्या वेगाला, उभ्या गाडीत काहीच नाही: बहुधा चाकांचं बॅलन्सिंग.
• फक्त पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थडथडते: क्लच प्लेटही तपासा.

तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच चार सिलिंडरपेक्षा जास्त थरथरतात. म्हणून तुलना शेजाऱ्याच्या सेडानशी नको, आपल्याच गाडीच्या पूर्वीच्या चालण्याशी करा.

खात्रीची चाचणी गॅरेजमध्ये पाच मिनिटांत होते. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून ठेवून मेकॅनिक गाडी आधी पुढच्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये किंचित ओढायला लावतो. इंजिन थोडं कलणं स्वाभाविक आहे. ते जोरात उचललं गेलं किंवा आपटलं, तर माउंट गेलेला आहे. या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहू नये. नंतर इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात रबर बघायचं. ते धातूपासून सुटलंय का, आरपार फाटलंय का, हायड्रॉलिक माउंटमधून द्रव पाझरलाय का? वरवरच्या बारीक भेगा एवढ्यावरून माउंट बाद होत नाही. कोणता माउंट गेलाय तो दाखवा, असं मेकॅनिकला सांगण्यात संकोच नको.

दुर्लक्ष केलं तर?

गाडी लगेच बंद पडत नाही आणि तिथेच फसगत होते. एक माउंट बसला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो आणि तेही लवकर झिजतात. इंजिन जास्त हलू लागलं की वायरिंग, होज पाइप, सायलेन्सरचे जोड आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावर ताण येतो.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे जनरल मोटर्सला डिसेंबर १९७१मध्ये सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहनं माउंटच्या दोषापायी परत बोलवावी लागली होती. माउंट तुटला की इंजिन उचललं जायचं आणि अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घ्यायची. आजच्या गाड्यांची रचना वेगळी आहे, पण पूर्ण तुटलेल्या माउंटवर गाडी चालवत राहू नये, हा धडा तोच.

बदलतात कसा?

इंजिन बाहेर काढावं लागत नाही. थंड इंजिनाला खालून जॅक आणि लाकडी फळीचा किंवा वरून सपोर्ट बारचा आधार देतात. फळी न ठेवता जॅक थेट ऑइलच्या सम्पला लावला तर सम्प चेपतो, म्हणून फळी महत्त्वाची. मग एका वेळी एकच माउंट सोडतात. समुद्राच्या हवेने बोल्ट गंजलेले असतील तर गंज सोडवणारं तेल मारून थांबावं लागतं.

नवा माउंट बसवताना बोल्ट आधी हाताने लावतात, इंजिनाचं वजन नीट बसू देतात आणि मग टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळतात. तिरक्या ताणात आवळलेला नवा माउंटही थरथर देतो. काही गाड्यांत बोल्टही नवेच लावावे लागतात. एका माउंटला साधारण अर्धा ते दीड तास लागतो. तिन्ही बदलायचे तर अर्धा दिवस धरावा.

खर्च किती?

मॉडेलनुसार फरक पडतो, पण ढोबळ अंदाज असा धरता येतो:

• छोट्या पेट्रोल गाडीचा साधा रबरी माउंट: ८०० ते २,५०० रुपये
• सेडान किंवा छोट्या एसयूव्हीचा हायड्रॉलिक माउंट: २,५०० ते ६,००० रुपये
• महागड्या परदेशी बनावटीच्या गाड्या: एकेक माउंट १०,००० रुपयांच्या पुढे
• मजुरी, स्थानिक गॅरेजमध्ये: एका माउंटला ५०० ते १,५०० रुपये, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये याहून जास्त

हिशेब कसा बघायचा? समजा, तीन माउंटची एमआरपी मिळून ४,५०० रुपये आणि मजुरी २,००० रुपये. मजुरीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६० रुपये. एकूण बिल ६,८६० रुपये. पार्टच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला, तर तिथेच विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर २८ टक्के होता.

तिन्ही एकदम बदलायचे का? गाडी जुनी असेल, सगळे माउंट मूळचेच असतील आणि दुसराही थकलेला दिसत असेल, तर एकत्र बदलणं परवडतं. बाकीचे धडधाकट असतील तर एकच बदलून चालतो. नुसता टॉर्क रॉड गेला असेल, तर काम बरंच स्वस्तात होतं.

पार्ट घेताना

ऑपेरा हाउस परिसरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून माउंट स्वतः आणायचा असेल तर आरसी किंवा चेसिस नंबर आणि जुन्या माउंटचा फोटो सोबत ठेवा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे माउंट वेगळे असू शकतात. पाकिटावरची एमआरपी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा, कारण रबर नुसतं पडूनही जुनं होतं. याच कारणाने कुर्ल्याच्या किंवा चोरबाजारातल्या वापरलेल्या मालात इतर काहीही घ्या, माउंट घेऊ नका. आणि पॉलियुरेथेनचे कडक माउंट रेसिंगसाठी ठीक, रोजच्या गाडीत ते थरथर वाढवतात.

विमा मिळतो का?

झिजलेल्या माउंटसाठी नाही. नेहमीची झीज मोटर विम्यात धरली जात नाही. अपघातात तुटला तर दावा करता येतो, पण झिरो डेप्रिसिएशनचं कव्हर नसेल तर रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो.

काम झाल्यावर पक्कं बिल आणि काढलेले जुने माउंट मागून घ्या. मग एसी लावून, ब्रेकवर गाडी उभी करून बघा. थरथर गेली असेल तर निदान बरोबर होतं. जुना माउंट धडधाकट निघाला आणि थरथर तशीच असेल, तर तो तुकडा आणि बिल हाच तुमचा पुरावा. गॅरेजवाला दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.