गाजरही नाही, गवतही नाही

जांब समर्थला लोक येतात ते समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून. घनसावंगी तालुक्यातल्या या गावाकडे पावसाळ्यात जाताना रस्त्याकडेला बारीक कातरलेल्या पानांची, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या फुलांची रोपं दिसतात. ते गाजर गवत. पान गाजरासारखं म्हणून हे नाव पडलं, पण झाड सूर्यफुलाच्या, शेवंतीच्या कुळातलं. गवत तर ते नाहीच.

गाजर, कोथिंबीर, ओवा, शेपू, बडीशेप यांचं कूळ वेगळं. विष त्या कुळातही आहे. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला पाजला तो हेमलॉक त्याच घरचा, अरबी हकिमांच्या ग्रंथांतला 'शौकरान'. आपल्या बांधावर मात्र तो उगवत नाही.

आपल्याकडे गाजर गवताला 'काँग्रेस'ही म्हणतात. कोणी म्हणतं फूल पांढऱ्या टोपीसारखं म्हणून, कोणी म्हणतं काँग्रेस सरकारने अमेरिकेचा गहू आणला आणि त्यातून हे बी आलं म्हणून. 'पीएल-480चा मिलो गहू' आठवणारी पिढी ही कथा ठामपणे सांगते. आता तारखा पाहा. पुण्यात हे झाड 1955 मध्ये दिसलं आणि पुढच्याच वर्षी आर. एस. राव यांनी त्याची नोंद छापली. भारताचा पहिला पीएल-480 करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. (त्या वेळी आपला जालना महाराष्ट्रात तर सोडाच, मुंबई राज्यातही नव्हता, हैदराबाद राज्यात होता.) अमेरिकी गहू 1951च्या कर्जावरही आला होता, त्यामुळे धान्यातून बी आलंच नसेल असं नाही. पण विल्यम रॉक्सबर्गच्या 1814च्या कलकत्त्यातील बागेच्या यादीतही या झाडाचं नाव सापडतं. म्हणजे एका करारावर सगळा दोष टाकता येत नाही.

बाहेरून आलं म्हणून वाईट, हे तर त्याहून टिकत नाही. जालन्याची शान असलेल्या मोसंबीच्या नावातच आफ्रिकेतलं मोझांबिक आहे. सीताफळ अमेरिका खंडातलं, मिरचीही तिथलीच. त्यांना आपण घरात घेतलं, एकाला तर सीतामाईचं नाव दिलं. गाजर गवताला आवरायला 1980च्या दशकात बंगळुरूत सोडलेला भुंगाही मेक्सिकोचाच! झाडाचा हिशोब ते काय करतं यावरून व्हावा.

आणि हे करतं बरंच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला ॲलर्जी होते. पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्येच त्यावर लिहिलं. हा त्रास पहिल्याच दिवशी होईल असं नाही. वर्षानुवर्षं हात लागून एकदा शरीर बिथरलं की पापण्या, मान, कोपराची घडी सुजते, कातडी जाड आणि काळी पडते. गाईम्हशींनी खाल्लं तर दूध कडवट होतं.

ओळखायचं कसं? 'पान चुरगळून वास घ्या' हा नेहमीचा सल्ला इथे नको. डोळ्यांनीच पाहावं. गाजराला फुलं येतात ती उघड्या छत्रीसारखी, सगळ्या काड्या एकाच ठिकाणाहून फुटलेल्या. याला छत्री नाही. फांद्यांच्या शेंड्यांना सुटी सुटी, ज्वारीच्या दाण्याहून लहान, पाच कोपऱ्यांची बोंडं लागतात. खोड रेघाळ आणि लवदार. कोवळं रोप जमिनीला चिकटून चकतीसारखं पसरतं. त्याच वेळी, फूल यायच्या आधी, ओल असताना हातमोजे घालून किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून ते मुळासकट उपटावं. एका झाडाला हजारो बिया येतात. खुरपायला जाणाऱ्या बायांच्या हातात मात्र बहुतेक वेळा नुसतं खुरपंच असतं.